माळ उतरेपर्यंत

बाबांचे डोळे पिवळे झालेले घरात सगळ्यात आधी मला दिसले. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत होते, म्हणून लगेच मायला जाऊन सांगितलं, "माय, बाबा वाघावानी दिसून राहिले." माय चरख्यावर कांड्या भरत होती. सूत न थांबवता तिनं विचारलं, "मंग आधी काय सशावानी दिसत होते का वं?" तिचा उजवा डोळा त्या दिवशी सुजून मिटला होता, नाहीतर तो पिवळेपणा तिला माझ्या आधी दिसला असता. मला मात्र बाबा अचानक देखणे वाटायला लागले होते. वाघाच्या पोटी जन्मले म्हणून मी गल्लीत मिरवूनही आले. अशी बह्याड, बावळट पोरगी मी आज माझ्या घरात ठेवून घेतली नसती.

आमचं घर म्हणजे नागपूरच्या पाचपावलीतली एक लांबट खोली, आणि तिच्यात माग. मागाला लागेल तेवढी जागा त्याची, उरलेल्या जागेत आम्ही चौघं: बाबा, माय, बाबांची आई म्हणजे आजी, आणि मी. गल्लीत घरोघर माग होते आणि सगळे एकदम खटकायला लागले की परक्या माणसाला नुसता गलका ऐकू येई. मला त्यातला आमच्या मागाचा ठेका झोपेतही कळायचा. ठेका थांबला की मी श्वास धरायची. ताण्यातला उभा धागा तुटला असेल तर बाबा तो सांधत आणि ठेका पुन्हा सुरू होई. पण बाबा मागाच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर आले असतील तर मग दुसरा आवाज सुरू होई. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन ताण्यातून पळणारं होडीसारखं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप. कापड विणायला तो जितका उपयोगी, तितकाच बायकोच्या खांद्यावर हाणायला. बाबा मोहाची पीत. पिऊन मारत आणि न पिताही मारत, त्यामुळे सगळा दोष मोहाच्या झाडावर टाकणं मला कधी जमलं नाही. ते डावखुरे होते. गल्लीतल्या इतर बायांचे डावे गाल सुजत, माझ्या मायचा उजवा. नळावर कोणी पदर ओढून आली तरी बाया तेवढ्यावरून ओळखत की ही माझी माय की दुसरी कोणी.

वाघ चार घास खाऊन ओकायला लागला तेव्हा आजीनं त्याची नखं दाबून पाहिली आणि म्हणाली, "कामीन झाली माह्या लेकाले." कामीन म्हणजे कावीळ. बर्डीकडच्या एका डॉक्टरनं बाबांना आधीच दारू सोडायला सांगितलं होतं, म्हणून तो डॉक्टर आमच्या घरात अडाणी ठरला होता. आजीचा विश्वास डागावर. तिनं मागाचीच एक सळई चुलीत लाल केली. मायनं पाय धरले, मला डोकं धरायला सांगितलं, आणि आजीनं लेकाच्या मनगटावर आणि बेंबीच्या बाजूला डाग दिले. बाबा असे ओरडले की शेजारचे दोन माग थांबले. मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. मी फुगले होते. ज्या डोक्यातून रोज आमच्यावर आग बरसायची ते डोकं माझ्या दोन तळव्यांत होतं. मग चामडी जळाल्याचा वास आला आणि मला भूक लागली, कारण रविवारी बोकडाची मुंडी भाजायचे तेव्हा घरात हाच वास असायचा. बाबा त्यानंतर हात वर करून झोपत आणि डाग पिकले, पण डोळे होते तसेच राहिले.

मग सुंद्रामावशी आली. ती नात्यानं कोणाचीच मावशी नव्हती, वाडीकडून झाडपाल्याचं औषध घेऊन यायची. तेव्हा वाडी म्हणजे अमरावती रोडवरची गोदामं आणि उभ्या ट्रकांच्या रांगा. त्या गोदामांमागच्या पडीत पावसाळ्यात भुईआवळी दाट उगवायची. पिऊन पिऊन काळीज सुजलेले ट्रकवाले हे तिचे ठरलेले रोगी, त्यामुळे तिची भाषा ट्रकवाल्यांची आणि हातही तसाच. टोपली खाली ठेवून तिनं बाबांच्या डोळ्याची पापणी ओढली.

"किती पेतं गा?"

"थोडी," बाबा म्हणाले.

तिनं त्यांच्या कानाखाली वाजवली. आमच्या घरात बाईचा हात बाबांवर पडलेला मी पहिल्यांदा पाहत होते. आजीचा आ वासलेला. बाबा उठायला गेले, पण अंगात ताकद नव्हती. "आता सांग, किती पेतं?" मावशीनं पुन्हा विचारलं आणि बाबांनी खरं सांगितलं.

तिनं टोपलीतून भुईआवळीची जुडी काढली. वीतभर उंचीचं, पानांखाली मोहरीएवढी फळं ओळीनं चिकटलेलं झाड. ते मुळासकट धुऊन पाट्यावर वाटायचं आणि ताकात कालवून उपाशीपोटी द्यायचं. वाटायचं काम माझ्याकडे आलं. कडू दोडकीचं एक वाळलेलं फळही तिनं दिलं. ते भिजवून त्याचे थेंब नाकात सोडायचे. ते सोडले की बाबा शिंकत, भिंतीवर डोकं आपटत, आणि नाकातून पिवळं पाणी अंगणभर गळे. गल्लीतली पोरं ते बघायला जमायची आणि मी पुढची जागा माझ्या मैत्रिणींसाठी राखून ठेवायची. माझी नात आता डॉक्टर आहे. तिनं हे पान वाचलं आणि म्हणाली, "आजी, हे लिहू नकोस, कोणीतरी करून बघेल." म्हणून बाळांनो, करू नका. नाकातून गळतं ते नाकाचंच असतं, लिव्हरचं त्यात काही नसतं. डोळे पिवळे दिसले तर दवाखान्यात जा आणि दोडकी मांडवावरच राहू द्या.

शेवटी मावशीनं माळ काढली. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या ओल्या मुळांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते कच्च्या सुतात ओवलेले. माळ लहानशी, टाळूवर टोपीसारखी बसेल एवढी. ती म्हणाली, "ही आता वाढन. कामीन जशी खाली सरकन तशी माळ मोठी होईन. कपाळावर येईन, गळ्यात येईन, खांद्यावरून उतरून पायातून निघन. पायातून निघाली का तू बरा. काढायची नाही, तोडायची नाही." बाबांनी मान हलवली. मीसुद्धा हलवली. वाढणारी माळ मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि ती माझ्या घरात वाढणार होती.

जाताना तिची नजर मायवर गेली.

"हे काय झालं वं?"

"पडली," माय म्हणाली.

"उजव्या अंगानं?"

"हाव."

"रोजच्या रोज उजव्याच अंगानं पडतं काय?"

मायनं पदर पुढे ओढला. मावशी परत फिरली आणि बाबांच्या खाटेशी उभी राहून पथ्य सांगायला लागली. तेल नाही, तिखट नाही, हळद तर नावालेही नाही. दारूचा वास बी नाही. "आनि आयक गा, माळ अंगावर हाय तोवर कोनावर हात उचलायचा नाही. हात उचलला का माळ चढते. मंग माह्याकडे नको येऊ, तिरडीवाल्याकडे जाय." नंतरच्या आयुष्यात मी भेटेल त्या वैद्याला विचारलं. तेलाचं, हळदीचं सगळ्यांना ठाऊक होतं. हे शेवटचं पथ्य कोणाच्याच पोथीत नव्हतं.

पण बाबांनी ते पाळलं. मरणाची भीती त्यांना खरोखर होती. माग बंद, घरात चरख्याची घरघर तेवढी. आमच्या कोष्ट्यांच्या घरी रस्सा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा, वर तर्रीचा लाल थर, आणि आता सगळ्यांनाच फिकं वरण, उकडलेली लौकी, मुळ्याचा पाला. मायच्या हातून गंज म्हणजे पातेलं पडलं तर ती आपोआप खांदा आत घेऊन उभी राही. वरून काही येत नाही हे कळायला तिला थोडा वेळ लागे, मग ती गंज उचले. आणि माळ खरंच वाढली. टाळूवरून सरकून कपाळावर आली. पोळा जवळ आला होता आणि पोरं बाबांना बाहेर बसलेलं पाहून 'पिवळी मारबत' म्हणून पळायची. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या नि पिवळ्या मारबतीच्या अवाढव्य बाहुल्या वाजतगाजत नेतात आणि गावाची रोगराई त्यांच्याबरोबर घालवतात. ते नाव बाबांना कोणी दिलं हे शोधत बाबा गल्लीभर डोळे वटारायचे. मी आत पाट्यावर भुईआवळी वाटत अगदी शहाण्या मुलीसारखी बसलेली असायची.

बाबांची बोटं रिकामी होती. दिवसभर खाटेवर पडून ते डोक्याला हात लावून काहीतरी चाळवत बसत. कपाळापासून कानामागे, कानामागून मानेकडे. मला वाटलं, उवा झाल्या. मी मोठ्या मायेनं फणी घेऊन गेले तर त्यांनी ती हिसकून बाहेर फेकली. मी गाल फुगवून बसले आणि माझ्या तीक्ष्ण बुद्धीला पुढचा प्रश्न काही पडला नाही.

मग माळ थांबली. भुवयांच्या वर येऊन बसली ती हलेना. बाबा आरसा घेऊन सकाळ-संध्याकाळ बघत. आजीनं माझ्याकडून माळ मोजून घेतली, भोवती सुतळी लावून. सुतळी रोज तेवढीच. "पथ्य तं सारं पाळून राहिला माहा लेक," आजी म्हणाली, "मंग कोन मोडून राहिलं?" आणि तिनं मायकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती मायच्या मागे मागे चुलीशी उभी राहायला लागली. मसाल्याचा डबा उशाशी घेऊन झोपायची. ही नवऱ्याला हळद चारून मारून राहिली असं ती नळावर बोलून आली. घरातही तिनं सांगितलं, की मारबतीपर्यंत माळ गळ्यात आली नाही तर हिला उमरेडला माहेरी धाडायचं, एकटीला, पोरगी इथंच राहील. आणि बाबांचं बरंवाईट झालं असतं तर गल्लीनं मायला काय म्हटलं असतं ते मलासुद्धा कळत होतं. माय रात्री माझं डोकं मांडीवर घेऊन नुसती वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची.

मारबतीच्या दिवशी सगळी गल्ली मिरवणूक बघायला गेली, आजीसुद्धा. मला जाऊ दिलं नाही, कारण औषध वाटायचं होतं. मी जगावर रुसून पाट्यावर बसले होते. मायनं बाबांपुढे ताट ठेवलं. बाबांनी वरणाकडे पाहिलं.

"हे पिवळं हाय."

"तुरीचं वरन हाय," माय म्हणाली. "तुरीचं पिवळंच राहते."

"मले शिकवून राहिली? हळद हाय याच्यात."

"डबा तुमच्या मायच्या उशाशी हाय. म्या कोठून आनू हळद?"

बाबांनी ताट उडवलं. मग ते उठले, मागाकडे गेले आणि धोटा घेऊन आले. मी माळेकडे पाहत होते, आता ही वर चढेल म्हणून. ती चढली नाही. पहिला घाव मायच्या खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर, आणि लोखंडी टोपानं कातडी फाटली. रक्त तिच्या मानेवरून पोलक्यात उतरलं. "मले मारून राहिली, कुत्रे," बाबा म्हणत होते, "सावकाश मारून राहिली, कोनाले दिसू नये अशी." तिसऱ्या घावाला माय गुडघ्यावर आली. मी जाऊन त्यांच्या डाव्या हाताला चावले. अंगठ्याच्या बुडाशी, सगळे दात लावून. तोंडात रक्ताची आणि भुईआवळीची कडू चव एकदम आली. त्यांनी हात झटकला आणि मी मागाच्या खांबावर जाऊन आदळले. माझ्या भुवईतली खोक अजून आहे; नातवंडांना मी ती वाघाची म्हणून दाखवते. चावल्यामुळे मलाही कावीळ होणार या धसक्यानं पुढे कितीतरी दिवस मी पितळी तांब्यात माझे डोळे बघत होते. पितळेत ते पिवळेच दिसायचे.

मी पडलेली मायनं पाहिलं. ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. काम करायला उठतात तशी ती उठली. तिनं दोन्ही हातांनी बाबांच्या कपाळावरची माळ धरली. "उतरत नाही म्हनता ना?" ती म्हणाली. "थांबा. मीच उतरवीन." आणि तिनं ती खाली ओढली. नाकाचं साल निघालं, ओठ फाटला, माळ गळ्यात आली. तिनं मूठ आत घातली आणि ओलं लुगडं पिळतात तशी पिळली.

कच्च्या सुताची माळ. तेव्हाच तुटायला हवी होती. मुळं कडाकड मोडली, सूत तुटलं नाही. बाबांनी तिच्या तोंडावर गुद्दे मारले, तिनं मूठ आणखी एकदा फिरवली. पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं होतं हे मला शाळेत शिकवलं होतं, त्या दिवशी ते बाबांच्या तोंडावर पाहिलं. रस्त्यावरून हजारो गळ्यांचा आवाज येत होता, रोगराई घेऊन जा गे मारबत. धोटा खाली पडला. बाबांचे गुडघे वाकले. मायनं सोडलं नाही. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. सोड म्हणत असेन, नाहीतर धर म्हणत असेन.

"काय वं, माळ उतरवून राहिली?" दारात सुंद्रामावशी उभी होती, टोपली कमरेवर. आवाज अगदी रोजचा. "ते काम माहं हाय. सोड."

मायनं सोडलं. बाबा मागाच्या खड्ड्यात कोसळले आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे तोंड उघडझाप करत राहिले. मावशी त्यांच्याजवळ बसली, माळ तोडायला दोन बोटं आत घातली आणि थांबली. पुन्हा ओढून पाहिली. "या गाठी कोनाच्या?" ती म्हणाली. "म्या तं एक बी गाठ मारली नोती. सैल अढी टाकली होती, नुसता सरकता फास. मूळ सुकते, अढी सरकते, माळ वाढते. हे कोनं आवळलं?"

माय पदरानं रक्त पुसत खाली वाकली. तिनं डोळ्यांनी पाहिलं नाही, बोटांनी पाहिलं. मागाच्या घरात प्रत्येकाची सांध वेगळी असते. आजीची जाड, मायची सपाट, माझी सुटणारी. आणि एकच सांध अशी होती की तिचा पीळ उलटा बसायचा.

"डाव्या हाताची हाय," माय म्हणाली.

मला उवा आठवल्या. खाटेवर पडून कपाळापासून मानेपर्यंत चाळवणारी ती बोटं आठवली, ज्यांना तुटका धागा सांधायला बघावं लागत नसे. खड्ड्यातून बाबांचा घोगरा आवाज आला. आयुष्यभर त्यांचा आवाज तसाच राहिला. "सैल होतं," ते म्हणाले. "सूत सैल होतं. सैल सूत मले पाह्यवत नाही."

मावशी हसली. इतकी हसली की तिला टोपलीचा आधार घ्यावा लागला. मायही हसेल असं मला वाटलं, पण तिनं खाली पडलेला धोटा उचलला, पुसला, मागावर जागच्या जागी ठेवला आणि विचारलं, "मावशी, पथ्य कवापर्यंत?"

"सांगतलं ना. माळ पायातून निघेपर्यंत."

"आनि नाही निघाली तं?"

मावशीनं मायच्या कानावरच्या जखमेकडे पाहिलं, मग खड्ड्यातल्या बाबांकडे. "नाही निघाली तं पथ्य चालू," ती म्हणाली.

मग मायनं बाबांच्या गळ्यातली माळ काढली. खालून नाही. हनुवटीवरून, फाटलेल्या ओठावरून, डोक्यावरून, जशी गेली होती तशीच उलटी, वरून. आणि मागाच्या समोरच्या खिळ्याला टांगली, विणताना मान वर केली की दिसेल अशी.

आजी मिरवणूक बघून आली तेव्हा लेकाच्या गळ्याभोवती काळानिळा वळ होता आणि सुनेच्या कानावर पट्टी. "काय झालं?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "पडलो." उमरेडचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबा भुईआवळीनं बरे झाले, की दारू बंद होती म्हणून, की उगीच आपोआप, ते मला माहीत नाही. नात म्हणते आपोआप. मोहाची पुढे थोडी थोडी परत सुरू झाली, खोटं कशाला सांगू. पण हात नाही. तो उठायचा कधी कधी, खांद्यापर्यंत यायचा. माय तेव्हा ओरडत नसे, मागे सरत नसे. ती खिळ्याकडे बघायची आणि कांडी भरता भरता उजव्या हाताची मूठ एकदा वळायची. मागाचा ठेका पुन्हा सुरू व्हायचा. मी मात्र ठेका थांबला की अजूनही श्वास धरते. आता घरात माग नाही, पंखा बंद पडला तरी धरते.

बाबा पुष्कळ जगले. गेले तेव्हा कोष्ट्यांच्या गल्लीत मागही मोजकेच उरले होते आणि आमचा बंदच होता, पण खिळा होता. बाया जमल्या, आंघोळ घातली, तिरडी तयार झाली. रडायच्या वेळी माय उठली आणि माझ्याकडे कात्री मागितली. तिनं खिळ्यावरची माळ काढली. मुळांचा केव्हाच भुगा झाला होता, नुसत्या गाठी धुरानं काळ्या झालेल्या. एक गाठ तिनं कापली, सूत लांब केलं, आणि ते बाबांच्या कपाळावर ठेवून हळूच खाली ओढत नेलं. गळ्यावरून, छातीवरून, डाव्या हातावरून, गुडघ्यांवरून, पायाच्या बोटांवरून बाहेर. बायांना वाटलं हा आमच्या घरचा काही कुळाचार असेल; दोघी-चौघींनी हात जोडले.

जन्मभर नवऱ्याला तुमी म्हणणारी माझी माय त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "उतरली गा. जाय आता."